कान त्याचे, कमाई मालकाची

१४ एप्रिल जवळ आला की आमच्या वरवट बकालच्या परिसरात गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम सुरू होतात. अशाच एका कार्यक्रमात पेटीवर बसलेला सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा पाहिला. गायकाने ऐनवेळी नवेच गाणे काढले. पोराने पहिले कडवे नुसते ऐकून घेतले. दुसऱ्या कडव्याला त्याची बोटे पट्ट्यांवर फिरू लागली आणि तिसऱ्याला तर तो गायकाला वाट दाखवू लागला. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ मोठ्या कौतुकाने म्हणाले की ही देवाची देणगी आहे. त्रिशरण-पंचशील घेऊन सुरू झालेल्या कार्यक्रमात हा देणगी वाटणारा देव कुठून आला, असा प्रश्न मला पडला. कार्यक्रम संपल्यावर त्या पोराला विचारले. तो बॅंडपथकात वाजवणाऱ्या मामाच्या हाताखाली तीन वर्षे शिकत होता. पहाटे उठून एकच ओळ पन्नास-पन्नास वेळा वाजवत होता. ही मेहनत कुणालाच दिसली नाही. दिसली ती देणगी!

देणगी हा शब्द वरून गोड आहे, पण आतून घातक आहे. देणगी म्हटले की शिकणे पुसले जाते, शिकणे पुसले की मेहनत पुसली जाते आणि मेहनत पुसली की मेहनतीच्या मोबदल्यावरचा हक्कही पुसता येतो. हे कसे घडते ते समजून घ्यायचे असेल, तर अमेरिकेतल्या एका आंधळ्या गुलामाचे चरित्र आपण वाचले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पियानो वाजवणारा हा माणूस अमेरिकेत आणि युरोपात प्रसिद्ध होता. जाहिरातींत त्याचे नाव ब्लाइंड टॉम, म्हणजे आंधळा टॉम, असे छापले जाई. आपल्या वाडवडिलांना जशी धोंड्या, कचऱ्या अशी नावे चिकटवली गेली, तसेच हे. त्याचे खरे नाव थॉमस विगिन्स.

टॉमचा जन्म २५ मे १८४९ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात, एका मळ्यावर झाला. आई चॅरिटी, बाप मिंगो. दोघेही गुलाम, म्हणून पोरही गुलाम. पोर जन्मतः आंधळे. शेतात राबू न शकणाऱ्या आंधळ्या गुलामाला बाजारात किंमत नसे. १८५० साली हे सारे कुटुंब विकले गेले, तेव्हा हे तान्हे मूल व्यवहारात फुकटच घातले गेले, असे सांगतात. विकत घेणाऱ्याचे नाव जेम्स बेथून. हा कोलंबस शहरातला वकील होता आणि वृत्तपत्राचा संपादकही होता. गुलामी टिकावी म्हणून दक्षिणेने अमेरिकेतून फुटून निघावे, असे उघडपणे लिहिणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी तो एक. वकील आणि संपादक या दोन्ही जागा आपण न्यायाच्या मानतो. पण त्या जागेवर बसलेला माणूस कोणाच्या बाजूचा आहे, हे आधी पाहावे लागते!

बेथूनच्या घरात मुलींसाठी पियानो आणला होता. आपल्याकडे पियानो फारसा कुणी पाहिलेला नसतो, म्हणून थोडे सांगतो. आपल्या पेटीचा डावा हात भात्यात अडकलेला असतो. वाजवायला उरतो एक उजवा हात आणि साधारण तीन सप्तकांच्या पट्ट्या. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या असतात आणि दोन्ही हातांची दहाही बोटे वेगवेगळे काम करतात. उजवा हात चाल वाजवत असताना डावा हात तिच्याखाली वेगळीच स्वरांची बांधणी करत असतो, शिवाय पायाखाली पायटे असतात. ही विद्या शिकवणारे आधी एकेक हात वेगळा बसवून घेतात, मग दोन्ही एकत्र. शिवाय त्यांचे संगीत कागदावर लिहिलेले असते. ते तसेच्या तसे, एकही स्वर न गाळता वाजवायचे. एकेक रचना वीस-वीस पानांची. डोळस विद्यार्थी ती पाने समोर ठेवून महिनोन् महिने घासतो, तेव्हा कुठे ती पाठ होते.

टॉमला ना पाने दिसत होती ना पट्ट्या. मुलींचे धडे चालत तेव्हा तो ऐकत असे. चार-पाच वर्षांचा असताना तो पियानोपाशी पोहोचला आणि ऐकलेले वाजवू लागला. त्याला प्रत्येक आवाजाचे वेड होते. पाऊस, वारा, कोंबडा, आगगाडी, काहीही. पन्हाळीतून पडणाऱ्या पावसाचा आवाज ऐकून त्याने अगदी लहानपणी पावसाच्या वादळाची एक रचना बांधली, ती पुढे छापूनही आली. घरी आलेल्या राजकारण्यांची भाषणे तो त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवी. न समजणाऱ्या भाषेतला मजकूरही एकदा ऐकून परत म्हणे.

बेथूनच्या लक्षात आले की फुकट आलेल्या पोराची किंमत आता मोजता येणार नाही. १८५७ साली, आठ वर्षांच्या टॉमचा पहिला जाहीर कार्यक्रम कोलंबसमध्ये झाला. पाठोपाठ त्याला पेरी ऑलिव्हर नावाच्या कार्यक्रम भरवणाऱ्याकडे काही वर्षांसाठी भाड्याने देण्यात आले. भाडे सुमारे १५,००० डॉलर होते, असे सांगितले जाते. बैल भाड्याने द्यावा तसा मुलगा भाड्याने दिला गेला. १८६० साली अध्यक्ष ब्यूकॅनन यांच्यासमोर व्हाईट हाऊसमध्ये त्याने वादन केले. तेव्हा तो जेमतेम अकरा वर्षांचा होता. मंचावर तो एका हाताने एक गाणे, दुसऱ्या हाताने दुसरे गाणे वाजवी आणि तोंडाने तिसरेच गाई. पट्ट्यांकडे पाठ करूनही वाजवून दाखवी. लोकांना गंमत वाटे. जत्रेतल्या अस्वलाकडे पाहावे तसे लोक त्याच्याकडे पाहत.

पण संगीत जाणणारे लोक त्याची परीक्षा घेत, ती गंमत नव्हती. वॉशिंग्टनच्या मुक्कामात त्याला पूर्वी न ऐकलेल्या, तेरा आणि वीस पानांच्या रचना ऐकवण्यात आल्या आणि त्याने त्या परत वाजवल्या. एका संगीतज्ञाने तर त्याहून अवघड कसोटी लावली. स्वतःची न छापलेली रचना त्याने वाजवायला घेतली आणि टॉमला सांगितले की खालच्या स्वरांची साथ तू कर. पुढे काय येणार हे ठाऊक नसताना टॉमने शेवटपर्यंत साथ केली आणि मग त्या माणसाला बाजूला सारून वरची चालही स्वतःच वाजवली. आता विचार करा. नुसती नक्कल करणाऱ्या पोपटाला हे जमेल काय? न ऐकलेल्या चालीला साथ करायची तर संगीताचे व्याकरण डोक्यात असावे लागते. म्हणजे हे पाठांतर समजून केलेले होते. त्यात बुद्धी होती!

आणि नेमकी तीच नाकारण्यात आली. जाहिरातींतून टॉम हा शिक्षणाशिवाय वाजवणारा निसर्गाचा चमत्कार म्हणून विकला गेला. खरी गोष्ट वेगळी होती. घरात बेथूनच्या मुलीने त्याला सुरुवातीचे धडे दिले. पुढे दौऱ्यांत त्याच्याबरोबर संगीतशिक्षक असत. हॉवर्ड नावाचे अटलांटाचे शिक्षक त्याच्याबरोबर युरोपला गेले होते. न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पोझनान्स्की हे त्याला नव्या रचना शिकवत. खोलीत दोन पियानो असत. एकावर शिक्षक वाजवत. टॉम खोलीभर फिरे, एका पायावर उभा राही, केस ओढी, आणि मग दुसऱ्या पियानोवर बसून ऐकलेले वाजवी. दिवसातले तासन् तास त्याची बोटे पट्ट्यांवर असत. बाख, बीथोव्हेन, शोपाँ, लिस्ट यांच्या रचना त्याच्या संग्रहात होत्या. जाहिराती तर एकूण सात हजार रचनांचा दावा करत. त्याचे वागणे पाहता त्याला आज आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो ती असावी, असे आजचे अभ्यासक मानतात. तसे असले तरी कानावर पडलेले स्वर दहा बोटांत उतरवायचे काम कष्टाचेच होते. मग शिक्षकांचे नाव जाहिरातीत का नाही? कारण काळा माणूस शिकतो हे मान्य केले की त्याला मन आहे हे मान्य करावे लागते, आणि मन असलेल्या माणसाला विकता येत नाही.

हा डाव आपल्याला नवा नाही. या देशात पाठांतराला सर्वांत मोठा मान होता. वेद पाठ करणारा, पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनी शब्द उलटेसुलटे म्हणणारा विद्वान ठरला. त्याला दक्षिणा मिळाली, जमिनी मिळाल्या. त्याच्या पाठांतराला कुणी निसर्गाचा चमत्कार म्हटले नाही, त्याला अध्ययन म्हटले. मात्र शूद्राच्या कानावर ते शब्द पडले तर कानात शिसे ओतावे, असे गौतम धर्मसूत्राने सांगितले. आमच्या तमासगिरांना, शाहिरांना, वाजंत्र्यांना शेकडो रचना तोंडपाठ होत्या, पण त्यांच्या बाबतीत काय म्हटले गेले? गाणे यांच्या रक्तातच असते. म्हणजे त्यांचे अध्ययन आणि आमचे रक्त! इथे कान बंद केले गेले, तिथे कान भाड्याने दिले गेले. दोन्हीकडे कानामागचा मेंदू नाकारला गेला.

याच्या उलट उदाहरण बुद्धाच्या धम्मात आहे. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली. तिथे विनय कोणी सांगितला? उपालीने. हा उपाली पूर्वाश्रमीचा नाभिक. क्षत्रिय कुळातून आलेले भिक्खू समोर बसून त्याचे ऐकत होते. त्याच्या स्मरणशक्तीला कुणी देणगी म्हटले नाही, ती विद्या मानून त्याला आसन दिले गेले. पुढे श्रीलंकेत त्रिपिटक लिहून काढले जाईपर्यंत काही शतके ते भाणक भिक्खूंनी तोंडपाठ राखले आणि एका पिढीने दुसऱ्या पिढीला शिकवले. स्मरणशक्ती हे शिकण्या-शिकवण्याचे काम आहे आणि ते कोणत्याही घरात जन्मलेला माणूस करू शकतो, हे संघाने दाखवून दिले होते.

टॉमकडे परत येऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. बेथूनने टॉमला दक्षिणेत फिरवून गुलामी टिकवू पाहणाऱ्या पक्षासाठी पैसा उभा केला. मानासासच्या लढाईवर टॉमने रचना बांधली. तीत तोफांचे आवाज तो पियानोच्या खालच्या पट्ट्यांवर पंजा मारून काढत असे. आपल्याच बेड्या मजबूत करण्यासाठी तो मुलगा वाजवत होता आणि त्याला ते कुणी सांगितलेही नसेल. आजही आपली पोरे कुणाच्या मिरवणुकीत कुणाची गाणी वाजवतात, याचा विचार आपण केला पाहिजे.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा निघाला. डिसेंबर १८६५ मध्ये १३ व्या घटनादुरुस्तीने गुलामी कायद्याने संपली. मग टॉम मोकळा झाला काय? इथे माझ्यातला वकील जागा होतो. युद्ध संपत आले असतानाच बेथूनने टॉमच्या आईबापांकडून एक करार करून घेतला. टॉम २१ वर्षांचा होईपर्यंत त्याच्या ताब्यात राहणार. आईबापांना राहायला घर आणि वर्षाला ५०० डॉलर. टॉमला महिना २० डॉलर आणि निव्वळ नफ्याचा दहावा हिस्सा. उरलेले सगळे बेथूनचे. जॉर्जियात गुलामाला लिहा-वाचायला शिकवणे हाच कायद्याने गुन्हा होता. ज्यांना अक्षर शिकू दिले नाही त्यांच्यासमोर कागद ठेवला गेला आणि त्याला करार म्हटले गेले!

१८६५ सालीच टॅब्स ग्रॉस नावाचा, गुलामीतून मोकळा झालेला एक काळा कार्यक्रम-व्यवस्थापक न्यायालयात गेला. हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. बेथूनने टॉम आपल्याला देण्याचे कबूल केले होते, असे त्याचे म्हणणे. सिनसिनाटीच्या न्यायाधीशाने निकाल बेथूनच्या बाजूने दिला. ज्याच्याबद्दल खटला होता त्याची मर्जी मात्र खटल्याच्या केंद्रस्थानी आलीच नाही. पुढच्या वर्षी टॉमला युरोपात नेले. मोशेलेस आणि चार्ल्स हॅले या तेव्हाच्या नामांकित पियानोवादकांनी त्याची परीक्षा घेऊन प्रशस्तिपत्रे दिली. त्या प्रशस्तिपत्रांची पुस्तिका छापून मालकाने तिकिटे खपवली.

१८७० साली टॉम २१ वर्षांचा झाला. करार संपला. आता तरी? आता दुसरे हत्यार निघाले. व्हर्जिनियातल्या न्यायालयाने टॉमला वेडा ठरवले आणि बेथूनचा मुलगा जॉन याला त्याचा पालक नेमले. जो माणूस हजारोंच्या सभेत बीथोव्हेन वाजवून पैसा मिळवतो तो शहाणा, पण तोच पैसा मागायला लागेल तर वेडा! त्याच्या काही रचना टोपणनावांनी छापल्या गेल्या. १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ काढला आणि निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना तो अर्पण केला. जोतिरावांची कृतज्ञता योग्यच होती. पण त्याच वर्षी टॉम आपल्या जुन्या मालकाच्या मुलाबरोबर गावोगाव फिरून मालकाची तिजोरी भरत होता. गुलामी कायद्याने गेली होती. करार आणि पालकत्व या कायद्याच्याच दोन दारांनी ती परत आत आली होती.

१८८४ साली जॉन बेथून रेल्वे अपघातात मेला. त्याच्याशी न पटलेल्या त्याच्या बायकोला, एलायझाला, मृत्युपत्रात काही ठेवलेले नव्हते. टॉम परत म्हाताऱ्या बेथूनच्या ताब्यात गेला. एलायझाने मग टॉमची आई चॅरिटी हिला शोधून काढले आणि तिला पुढे करून दावा लावला. १८८७ साली निकाल लागला आणि टॉम एलायझाच्या हवाली झाला. वर्तमानपत्रे त्याला अमेरिकेतला शेवटचा गुलाम म्हणू लागली होती. मुलाच्या ओढीने म्हातारी चॅरिटी न्यूयॉर्कला आली, पण दावा जिंकल्यावर तिची गरज संपली. ती जॉर्जियाला परत गेली. एलायझाने पुढे आपल्या वकिलाशीच लग्न केले. टॉमचा मालक बदलला, इतकेच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रंगमंचावर शेवटचा दिसला. नंतर न्यूयॉर्कसमोर नदीपलीकडे असलेल्या होबोकेन गावातल्या एका घरात तो पियानो वाजवत बसे, असे शेजारी सांगत. १३ जून १९०८ रोजी तो तिथेच वारला. त्याने मिळवलेल्या पैशाचे अंदाज लाखो डॉलरांत सांगितले जातात. त्यातले त्याच्या हातात काय आले? त्यानंतर पाचच वर्षांनी, १९१३ साली, बाबासाहेब त्याच न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. गुलाम मुक्त झाल्यावर त्याच्या हातात साधन आणि संरक्षण नसेल तर ती मुक्ती पोकळ ठरते, हे त्यांनी पुढे जे ओळखले त्याचा पुरावा नुकताच पुरला गेला होता.

टॉमला न्याय द्यायला न्यायालय आले नाही, एक शिक्षिका आली. जिनिव्हा हँडी साउथॉल ही काळी पियानोवादक आणि प्राध्यापक. तिने जुने करार, खटल्यांचे कागद, कार्यक्रमपत्रिका धुंडाळून टॉमवर तीन ग्रंथ लिहिले. पहिला १९७९ साली आला, शेवटचा १९९९ साली. युद्धानंतरही टॉम गुलामच होता, हे तिने पहिल्या ग्रंथाच्या नावातच सांगून टाकले. आपल्या माणसाचा इतिहास आपल्याच माणसाने कागदपत्रांनिशी लिहावा लागतो, तो असा.

मित्रहो, हे सारे सांगायचे कारण एकच. आपल्या गावातले पेटीवाले, ढोलकीवाले, गायनपार्ट्या ही चळवळीची शाळा आहे. पुस्तक न वाचलेल्या आयाबायांना बाबासाहेब समजले ते या गाण्यांतून. पण या कलावंतांच्या हातात काय आले? एक गायक एकदा माझ्याकडे कागद घेऊन आला होता. एका ध्वनिमुद्रण कंपनीने किरकोळ रकमेत त्याची गाणी कायमची लिहून घेतली होती आणि तो म्हणत होता की सही करताना मी वाचलेच नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, ते पिढीजात राबणूक कायद्याच्या नावाखाली चालू होती म्हणूनच. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी दाखवले की दुबळ्याला नुसते करार-स्वातंत्र्य दिले की ते बलवानाचेच स्वातंत्र्य होते. त्यांच्या राज्यघटनेचे २३ वे कलम वेठबिगारीला मनाई करते.

म्हणून काही गोष्टी आपल्या कलावंतांनी पाठच केल्या पाहिजेत. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकाराला गाण्याच्या व्यापारी वापरातला रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. तसा करार कायद्यापुढे टिकत नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही व्यापारी वापराच्या रॉयल्टीचा हक्क आहे. करार कायद्याच्या १६ व्या कलमानुसार एक पक्ष दुसऱ्यावर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असेल आणि व्यवहार उघडच अन्यायाचा दिसत असेल, तर तो दबावाने झाला नाही हे बलवान पक्षाने सिद्ध करायचे असते. आणि २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा सांगतो की अपंग माणसालाही इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे, पालक नेमला तरी तो ठराविक बाबीपुरता, ठराविक काळापुरता आणि त्या माणसाच्या संमतीने निर्णय घेण्यासाठी. टॉमच्या वाट्याला यातले काहीच नव्हते. आपल्याकडे ते आहे, पण वापरल्याशिवाय कायदा जागा होत नाही.

आणि आणखी एक. विहारात मुलांना पेटी, तबला, ढोलकी शिकवायचे वर्ग सुरू करा. वंदना जशी रोज म्हणवून घेतो तसा रियाज घ्या. शिकवणाऱ्याला मानधन द्या आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेत गायकाबरोबर साथीदाराचे नाव आणि त्याच्या गुरूचेही नाव पूर्ण आडनावासह छापा. पुढच्या जयंतीला तो पोरगा पेटीवर बसेल, तेव्हा कुणी देवाची देणगी म्हणाले तर त्यांना त्या मामाकडे बोट दाखवा. तिथे पहाटेची तीन वर्षे बसलेली आहेत.

जयभीम!